आल्टोच्या रांगेतून

जर्मन संगीतकार ब्राम्सच्या रेक्विएमचा पहिला भाग सुरू होतो तेव्हा व्हायोलिनवाले वाद्यं मांडीवर ठेवून बसलेले असतात. त्या अख्ख्या भागात त्यांना एकही सूर लिहिलेला नाही. व्हिओला, चेलो, डबल बेस असा सगळा खालचा, गडद आवाज आधी भरत जातो, मग वाद्यं जवळजवळ थांबतात आणि क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, अगदी हळू सुरू होतो. शब्द मत्तयच्या शुभवर्तमानातले आहेत: जे शोक करतात ते धन्य, कारण त्यांचं सांत्वन होईल.

मृतांसाठी लिहिलेलं हे संगीत मागे राहिलेल्यांपासून सुरू होतं, हे मला हॅम्बुर्गमधल्या एका चर्चच्या तालमीत कळलं. तेव्हा माझी आई जाऊन काही महिने झाले होते.

मी मूळची मिरजेची. नोकरीमुळे बरीच वर्षं हॅम्बुर्गला आहे. जानेवारीत पहाटे भावाचा फोन आला. मिळेल त्या विमानाने मुंबई गाठली, तिथून रात्रभर गाडीने मिरज. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पुढचे दिवस घरात माणसांची रीघ होती. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी पाठवत होत्या, भजनी मंडळातल्या बायका येऊन आईच्या पेटीजवळ बसत होत्या. आई पेटी वाजवायची, अण्णा टाळ धरायचे. गुरुवारची संध्याकाळ आमच्या घरी भजनाचीच. तेरावं झालं, रजा संपली, मी परत आले. इथे ऑफिसातल्या लोकांनी कार्डावर सह्या करून दिल्या, फुलं दिली, मनापासून दिली. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. माणसाला त्याच्या दुःखात मोकळं सोडायचं, यालाच इथे आदर समजतात. मला तो आदर झेपत नव्हता.

गाणं हा माझा लहानपणापासूनचा आधार. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या, इथे आल्यावरही थोडाफार रियाज चालू होता. आई गेल्यापासून मात्र तंबोरा लावून षड्ज धरला की थोड्याच वेळात गळा दाटून यायचा. जबरदस्तीने गायलं तर आवाज फाटायचा. शेवटी मी तंबोरा लावणंच बंद केलं.

ईस्टरनंतर एका चर्चबाहेर एक कागद लावलेला दिसला. नोव्हेंबरात ब्राम्सचं ‘आइन डॉइचेस रेक्विएम’, म्हणजे ‘एक जर्मन रेक्विएम’, करायचं आहे, गाणारे हवे आहेत, चर्चचं सभासद असण्याची अट नाही. आत गेले. जर्मनीत अशा हौशी क्वायरची परंपरा फार जुनी आणि दांडगी आहे. २०१४ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीतही तिची नोंद झाली. शिक्षक, नर्स, निवृत्त पोस्टमन, विद्यार्थी असे सगळे आठवड्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर येतात आणि दोन तास गातात. आमच्या क्वायरची सूत्रं एका कँटोर बाईंच्या हातात आहेत. कँटोर म्हणजे चर्चच्या संगीताची सगळी जबाबदारी ज्याच्यावर तो माणूस. लाइपझिगच्या थॉमस चर्चचं हेच पद संगीतकार बाखकडे १७२३ पासून मरेपर्यंत होतं.

बाईंनी पियानोवर बसून माझा आवाज वर-खाली फिरवून पाहिला. माझी पट्टी पेटीवरची काळी चार. त्यांनी लगेच सांगितलं, तू आल्टो. क्वायरचे ढोबळ चार भाग: बायकांचे उंच आवाज सोप्रानो, खालचे आल्टो, पुरुषांचे उंच टेनर, खालचे बेस. तिथे सगळेच एकमेकांना एकेरीत हाक मारतात, सत्तरीच्या बाईंना ‘अगं’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. माझ्या शेजारी अशाच एक सत्तरी ओलांडलेल्या बाई बसायच्या. त्यांनी हे रेक्विएम पूर्वी अनेकदा गायलेलं होतं. त्यांच्या वहीत कडेला पेन्सिलीच्या खुणांची दाटी होती, कुठे श्वास, कुठे कंडक्टरकडे, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी गाणं चालवणाऱ्याकडे, बघायचं, कुठे शेवटचा ‘त’ सगळ्यांनी एकदम उच्चारायचा. मी माझ्या वहीत त्या सगळ्या खुणा उतरवून घेतल्या आणि सुरांखाली देवनागरीत सरगम लिहिली. पहिल्या भागाचा षड्ज पांढरी चार, दुसऱ्याचा काळी पाच, आणि मधेच तो हलतो, तेव्हा तिथे कंसात नवा ‘सा’.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या कानाला तीच सगळ्यात अनोळखी असते. आल्टोच्या ओळीला चाल नसते. सोप्रानोला बहुतेक वेळा चाल मिळते, बेस खालून सगळ्याला पाया देतो. आल्टोला मिळतो एकच सूर चार-पाच वेळा, मग अर्धा सूर खाली, परत वर. घरी एकटीने घोकायला बसले की त्या ओळीला काही अर्थच लागेना. भजनात शंभर माणसं असली तरी सगळे एकच चाल म्हणतात, आणि त्या एकजुटीचीच ताकद असते. आळंदी-पंढरीच्या वाटेवर चाललेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही. इथे चौघे चार वेगळ्या ओळी म्हणत असतात. पहिल्यांदा चारही भाग एकत्र आले आणि ज्या अर्ध्या सुराला मी आठवडाभर शिव्या दिल्या होत्या, तोच सूर मी लावल्याबरोबर सगळ्या आवाजाचा रंग काळवंडून मग उजळला. हे माझ्या आवाजाने झालं, हे अंगावर काटा आल्यामुळे कळलं.

आणि मग गंधार. माझं बालपण तंबोरे करणाऱ्यांच्या गावात गेलं. शाळेतून येताना दुकानात कुणीतरी जवारी लावत बसलेलं असायचं, तारेखाली सुताचा दोरा सरकवत, कान लावून. तंबोरा नेमका लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोवरचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाइतका. ऐकायला छोटा फरक, पण तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला बोचतो. इथे तालमीत बाईंनी एकदा पियानो बंद केला आणि नुसता एक तिहेरी सूर धरायला लावला: बेसला षड्ज, टेनरला पंचम, आल्टोला गंधार. त्या म्हणाल्या, आल्टो, चढे आहात, थोडं खाली बसा, अजून थोडं. मी डोळे मिटले आणि मिरजेचा गंधार लावला. शेजारच्या बाईंनी माझा सूर धरला, मागच्या रांगेने त्यांचा. एका क्षणी सगळा आवाज स्थिर झाला आणि कुणीही गात नसलेला एक वरचा सूर छतातून यावा तसा ऐकू येऊ लागला. बाईंनी हात तसाच वर धरून ठेवला, कितीतरी वेळ. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा पूर्ण श्वासाचा सूर लावला होता आणि गळा दाटला नव्हता.

का दाटला नाही, याचा विचार मी नंतर खूप केला. माझ्या मते त्याचं कारण श्वासात आहे. लांब सूर असला की क्वायरमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारणीने घेतला तिथे आपण घ्यायचा नाही. स्वराच्या मध्येच हळूच थांबायचं, श्वास घ्यायचा आणि कुणाला कळणार नाही इतक्या हलक्या आवाजात परत सामील व्हायचं. ऐकणाऱ्याला अखंड सूर ऐकू येतो. माणसाच्या फुप्फुसात मावणार नाही इतका लांब. एकटीने ख्याल गाताना सूर तुटला तर तो तुटलाच, तंबोऱ्याशिवाय सावरायला दुसरं कुणी नाही. इथे मी थांबले तरी सूर चालूच राहतो आणि परत येईपर्यंत तो माझ्यासाठी धरून ठेवलेला असतो. गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा गाण्यातल्या श्वासाच्या जागांप्रमाणे एकाच वेळी मंद आणि जलद होतात. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही.

ब्राम्स हॅम्बुर्गचाच. १८३३ सालचा जन्म, शहरातल्या सेंट मिखाएलिस चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील डबल बेस वाजवणारे, आई त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. तरुणपणी त्याने इथे हौशी बायकांचा एक क्वायर चालवला होता, त्यांच्यासाठी रचना केल्या होत्या. १८६५ च्या फेब्रुवारीत तो व्हिएन्नात असताना भावाची तार आली. तो धावत निघाला, पण पोचण्याआधी आई गेलेली होती. हे शेजारच्या बाईंनी मला तालमीच्या मध्यंतरात, चहा ओतता ओतता सांगितलं. त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. मी कप तसाच हातात धरून उभी राहिले.

रेक्विएमचं बरंचसं काम त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत झालं. हे आईसाठी आहे असं त्याने स्वतः सांगितलं नाही, पण जवळच्या मित्रांना तसंच वाटत होतं. त्यातली सगळीच दुःखं एका आईची नाहीत. दुसऱ्या भागातला शोकसंचलनाचा ठेका १८५४ मधल्या एका अर्धवट सोडलेल्या रचनेतून आलाय, त्याचा गुरुतुल्य मित्र शूमान कोसळला त्या वर्षीच्या. कॅथलिक परंपरेतलं रेक्विएम लॅटिनमध्ये असतं, त्यात अंतिम न्यायाच्या दिवसाचं भय असतं, मृताला क्षमा मिळावी म्हणून विनवणी असते. ब्राम्सने ते सगळं बाजूला ठेवलं आणि लूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः ओळी निवडल्या. त्यात येशूचं नाव एकदाही येत नाही. ब्रेमेन कॅथेड्रलचा ऑर्गनवादक कार्ल राइनथालर याने पत्र लिहून ही उणीव दाखवली, तेव्हा ब्राम्सने कळवलं की नावातला ‘जर्मन’ काढून त्याजागी ‘मानवी’ घालायलाही माझी खुशाल तयारी आहे. तरीही १० एप्रिल १८६८ च्या गुड फ्रायडेला ब्रेमेनमध्ये ते झालं तेव्हा मध्येच हँडेलचं तारणहारावरचं एक गीत घालण्यात आलं. वडील ऐकायला आले होते, शूमानची पत्नी क्लाराही.

मी ख्रिस्ती नाही. दुसऱ्याच्या धर्मग्रंथातले शब्द आपण गळ्यातून काढतोय याचा संकोच मला सुरुवातीला होता. तो दुसऱ्या भागाने मोडला. काळी पाचचा कोमल गंधार, तीन मात्रांचं संचलन, खालून नगाऱ्यासारखे टिंपनीचे ठोके, आणि त्यावर सगळा क्वायर वेगवेगळ्या ओळी सोडून एकाच चालीत म्हणतो: सर्व देह गवतासारखा आहे, गवत वाळतं, फूल गळून पडतं. पहिल्यांदा अगदी दबलेलं. परत तेच, पण मधल्या काळात टिंपनी वाढत वाढत जाते आणि मग ते पूर्ण आवाजात कोसळतं. त्यानंतर एकदम सगळं हलकं होतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली ओळ आहे: धीर धरा, शेतकरी जमिनीच्या पिकाची वाट बघतो, पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. ‘पाऊस’ या शब्दापाशी बासरी आणि हार्प सुटे सुटे थेंब टाकतात. पावसाची वाट बघणारा शेतकरी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शोकाच्या मधोमध ज्या माणसाला हा शेतकरी आठवला, त्याच्यासमोर माझा संकोच टिकला नाही.

जर्मन उच्चारांवर बाई फार कडक. स्वर लांबवायचा, व्यंजन सगळ्यांनी एका टाळीत टाकायचं. तीस जणांनी शेवटचा ‘त’ वेगवेगळ्या वेळी टाकला तर चर्चमध्ये तो गारांसारखा वाजतो. हे तांत्रिक काम कंटाळवाणं असतं आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एवढंच म्हणेन की शोकात असलेल्या माणसाला असं बारीक काम हातात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. दोन तास ‘त’ कुठे टाकायचा एवढाच प्रश्न असतो.

ऑर्गनच्या गच्चीवरून एकदा बाईंनी आम्हा आल्टोंना खाली पाठवलं आणि बाकांच्या शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं. वर बाकीच्या तीन आवाजांनी चौथा भाग म्हटला, स्तोत्रसंहितेतल्या ८४ व्या स्तोत्रातला, तुझी निवासस्थानं किती रम्य आहेत. त्या आवाजाने दगडी कमानी भरून गेल्या. चर्चमध्ये सुराची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, दोन-तीन सेकंद हवेत राहते, आधीच्या सुरावर पुढचा चढतो. आणि त्या सगळ्यात आमची जागा रिकामी ऐकू येत होती. कुठे आल्टोचा सूर असायला हवा ते मला अंधारातल्या पायरीसारखं अंगाला जाणवत होतं. माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी आपोआप गुणगुणायला लागली. मग आम्ही सगळ्याच.

पाचव्या भागाची मला भीती होती. तो ब्राम्सने ब्रेमेनच्या कार्यक्रमानंतर लिहून मध्ये घातला. एकटी सोप्रानो वर गाते, तुम्हाला आता दुःख आहे, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन. तिच्या खाली क्वायर अगदी मंद म्हणत राहतो, यशयाच्या ग्रंथातून: आई जसं एखाद्याचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. पहिल्या तालमीला मी ती ओळ म्हणूच शकले नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मी वही वर धरून तोंड झाकलं. शेजारच्या बाईंनी मान न वळवता आपला आवाज किंचित वाढवला, माझ्या वाट्याचाही त्यात आला. मध्यंतरात त्या म्हणाल्या, नवरा गेला त्या वर्षी मी इथे संपूर्ण पाचवा भाग गप्प उभी होते, तेव्हा माझ्या डावीकडची गात होती. पुढे म्हणाल्या, तू गाऊ शकशील तेव्हा गा, ओळ काही कुठे जात नाही.

कँटोर बाईंचं मत यापेक्षा कठोर होतं आणि मला तेही पटलं. सगळ्यांना उद्देशून त्या म्हणाल्या की बाकांवर बसलेल्या माणसांनी रडायचं आहे, तुम्ही नाही. तुमचा गळा मोकळा राहिला तरच त्यांचा भरून येईल. मग त्यांनी आम्हाला ती ओळ नुसती बोलायला लावली, मग ठेक्यात, मग ‘नू’ या अक्षरावर, मग शब्दांसकट. घोटून घोटून ती ओळ हाताळण्याजोगी झाली. उन्हाळा संपता संपता मी ती पूर्ण गायले.

ऑक्टोबरात अण्णा आले. घरात एकटे बसून राहण्यापेक्षा माझ्याकडे चला म्हणून भावाने आणि मी त्यांना जवळजवळ बांधूनच आणलं. मिरजेत माणसांसमोर ते रडले नव्हते, इथेही नाही. दिवसभर खिडकीशी बसायचे. मी सातही भागांचे शब्द त्यांच्यासाठी मराठीत लिहून काढले. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, “यात आपल्याला परकं काय आहे गं?”

वाद्यवृंदाबरोबरची पहिली तालीम हा वेगळाच धक्का असतो. महिनोन्‌महिने पियानोवर ऐकलेलं सगळं एकदम अंगावर येतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी क्वायर एकमेकांचा पाठलाग करत गुंतागुंतीचा फ्यूग गातो, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, असे शब्द. त्या सबंध वेळात खाली एकच सूर, पांढरी दोन, टिंपनी आणि डबल बेस सोडतच नाहीत. १ डिसेंबर १८६७ ला व्हिएन्नात पहिले तीन भाग झाले तेव्हा टिंपनीवाल्याने हा सूर इतक्या जोरात बडवला की क्वायर ऐकूच आला नाही आणि श्रोत्यांतून नापसंतीचे आवाज आले. आमचा टिंपनीवाला समजूतदार होता. त्याच्या ठोक्यांची थरथर लाकडी फळ्यांमधून पायाच्या तळव्यांना लागत होती.

कार्यक्रम टोटेनझोन्टागच्या संध्याकाळी होता. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आधीचा हा रविवार. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये मृतांच्या स्मरणासाठी ठरवून दिला, आणि प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येकासाठी मेणबत्ती लावतात. सकाळच्या प्रार्थनेआधी पाळकांनी मला विचारलं की तुझ्या आईचं नाव वाचू का. त्यांनी उच्चार माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतला, कागदावर लिहून घेतला. जर्मन नावांच्या रांगेत आईचं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं नीट उच्चारलं गेलं. अण्णा उठले, पुढे गेले आणि त्यांनी मेणबत्ती लावली. घाटावर आईच्या शेवटच्या निरोपाला मी नव्हते. इथे दोघंही होतो.

संध्याकाळी चर्च भरलेलं होतं. काळे कपडे, काळ्या वह्या, मी काळी साडी नेसले होते. गाताना काय वाटलं असं लोक विचारतात, त्याचं खरं उत्तर असं की गाताना मोजायला खूप असतं. कंडक्टरचा हात, पुढचा प्रवेश, आपला गंधार. सहाव्या भागात शेवटचं रणशिंग वाजतं, क्वायर मरणाला तोंडावर विचारतो, तुझी नांगी कुठे आहे, तुझा विजय कुठे आहे. हे प्रश्न एवढ्या जोरात फेकले जातात की मला अंगात ताप चढल्यासारखं वाटलं. त्यानंतरचा फ्यूग आल्टो सुरू करतात. क्षणभर सगळं आमच्या हातात असतं. सहा महिने मी त्या क्षणाची वाट बघत होते. मान वर, वही खाली, आणि सगळी रांग एका आवाजात सुटली. रागही त्यात होता माझा, पहाटेच्या फोनचा, रात्रभराच्या रस्त्याचा. तो कुणावर काढायचा हे मला वर्षभर कळलं नव्हतं.

पाचवा भाग मात्र मी शांतपणे गायले. डावीकडे एक नवीन मुलगी होती. तिचा आवाज मध्येच गेला, तेव्हा मी माझा किंचित वाढवला.

अण्णांना मी विचारलं, कसं वाटलं. ते ट्रेनमध्ये बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिसऱ्या भागात त्यांनी षड्ज धरून ठेवला होता बघ. पांढरी दोन. माझीच पट्टी. तो नगारेवाला सोडतच नव्हता.” भजनात वरची मंडळी कितीही ताना घेवोत, खाली कुणीतरी ‘विठ्ठल विठ्ठल’ धरून ठेवतं, तसं त्यांना ते ऐकू आलं होतं. मला गाताना तो सूर फक्त पायांना जाणवला होता. अख्खं गाणं त्याच्यावर उभं आहे हे बाकावर बसलेल्या अण्णांनी ऐकलं. गाणाऱ्याला सगळं ऐकू येत नाही, त्याला शेजारी ऐकू येतो. टेनर दुसऱ्या भागात काय गात होते, असं त्यांनी विचारलं, आणि मला ते सांगता येईना.

“रडलात का?” मी विचारलं.

“हो,” ते म्हणाले, “त्या पावसाच्या थेंबांना.” आमचे आजोबा कोरडवाहू शेतीतले. अण्णांनी लहानपणी अशी किती वर्षं आभाळाकडे बघत काढली, आणि आई सून म्हणून त्या घरात आली ती दुष्काळाच्या साली, हे सगळं मग त्यांनी सांगितलं. आमचं स्टेशन मागे गेलं तरी आम्ही उतरलो नाही.

पुढचे दोन महिने ते माझ्याबरोबर तालमींना येऊन मागच्या बाकावर बसत. माझी आल्टोची ओळ त्यांनी एकदा मला एकटीला म्हणायला लावली. “याला चाल म्हणायची कशी?” असं म्हणत राहिले, आणि मग टाळ्यांवर ठेका धरून बेसची ओळ खालून स्वतःच लावायला लागले. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटतेय आणि अण्णा पहिल्या भागाचा पाया गुणगुणतायत, असं आमचं चालायचं. तंबोराही मी परत लावायला लागले.

ते आता मिरजेला परतले आहेत. इथे आम्ही बाखचं सेंट जॉन पॅशन, येशूच्या वधस्तंभावरच्या मरणाची कथा सांगणारं संगीत, सुरू केलंय, लाइपझिगला १७२४ च्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा झालेलं. अण्णांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, यात षड्ज धरलाय का कुणी. धरलाय. सुरुवातीलाच खालच्या वाद्यांत मंद्रातला एकच सूर कितीतरी वेळ ठोकत राहतो आणि वर दोन ओबो, सनईसारखी वाद्यं, एकमेकांना खुपत, घासत जातात. पट्टी पांढरी पाच आहे. तुमच्यासाठी उंच पडेल, मी म्हटलं. ते म्हणाले, खालच्या सप्तकात लावेन.